अ‍ॅडजस्ट करणार नाही

माझी बायको गेली तेव्हा भेटायला जे लोक आले, त्यांतल्या बहुतेकांनी मला एकच गोष्ट सांगितली. तिने फार अ‍ॅडजस्ट केलं. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागातून साहेबलोकांच्या बायका आल्या, त्या म्हणाल्या. मुलाच्या ऑफिसातले मराठी लोक आले, ते म्हणाले. इतक्या लांब, परक्या मुलखात येऊन काकूंनी किती अ‍ॅडजस्ट केलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. आता आहे, म्हणून लिहितो. तिने काही अ‍ॅडजस्ट केलं नाही. हे खोटं आहे, आणि गेलेल्या बाईबद्दल तिच्याच घरात बसून, तिच्याच कपातला चहा पिऊन खोटं बोलू नये.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी मला येत नाही. पण हा एक शब्द चांगला येतो, कारण तो मला कोणी पुस्तकातून शिकवला नाही. अंगावर घालून शिकवला.

पहिल्यांदा तो मी हावड्यात ऐकला. आमच्या गावाकडच्या एका मालकाने तिथे पंपांचा छोटा कारखाना काढला होता आणि मला फिटर म्हणून नेलं होतं. तिथे अ‍ॅडजस्ट म्हणजे स्क्रू जरा पिळायचा, पट्टा जरा ताणायचा. शब्द सरळ होता. ज्याला अ‍ॅडजस्ट करायचं ते लोखंड असायचं, आणि लोखंडाला त्याचं काही वाटत नसे.

मग हळूहळू तोच शब्द माणसांना लावलेला ऐकू यायला लागला. बेहालाच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा यायचा आणि म्हणायचा, “एकटु अ‍ॅडजस्ट कोरे बोसुन.” म्हणजे तुम्ही अर्धे हवेत बसा. मॅनेजर म्हणायचा, तुझी गणपतीची सुट्टी अ‍ॅडजस्ट केली. म्हणजे सुट्टी गेली. घरमालक म्हणायचा, पाण्याचं जरा अ‍ॅडजस्ट करा. म्हणजे पाणी नाही. मुलाच्या लग्नाच्या वेळी ज्या ज्या ठिकाणी बोलणी झाली, तिथे मुलीकडचे न विचारता सांगायचे, आमची मुलगी अ‍ॅडजस्ट करणारी आहे. म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण ऐकून बरं वाटत नसे. अर्थ दर वेळी वेगळा. हलायचं मात्र दर वेळी ज्याला सांगितलं त्यानेच. जो सांगतो तो कधी हललेला मी पाहिला नाही.

शेवटच्या दुखण्यात तिला दवाखान्यात नेलं तेव्हा खाट नव्हती. व्हरांड्यात ट्रॉलीवर ठेवली. डोक्यावर पंखा होता, तो फिरत नव्हता. एक तरुण डॉक्टर आला, चांगल्या घरचा असावा, नम्रपणे म्हणाला, “माताजी, अभी थोड़ा एडजस्ट कर लीजिए.”

तिने डोळे उघडले आणि त्याला शुद्ध मराठीत सांगितलं, “तू झोप की इथे. बघू दे मला तुझं अ‍ॅडजस्ट.”

त्याला वाटलं, पाणी मागतेय. त्याने धावत जाऊन पाणी आणलं. ती प्यायली आणि मला म्हणाली, “मुलगा वाईट नाही, बिनडोक आहे.” पुढे खाट मिळाली. मग दुसरे कोणी मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, डोस अ‍ॅडजस्ट केलाय. त्या दिवसापासून ती दिवसभर झोपायला लागली. तिचं बोलणं कमी झालं ते त्या अ‍ॅडजस्टनंतर. मी डॉक्टर नाही, कदाचित बरोबरही असेल त्यांचं. पण ती बोलत होती आणि मग बोलेनाशी झाली, एवढं मला दिसलं.

आणि म्हणे तिने अ‍ॅडजस्ट केलं. लग्न होऊन बेहालाच्या या घरात आली तेव्हा घरमालकाने सांगितलं, गच्चीवर कुंडी ठेवायची नाही, लोक कपडे वाळत घालतात. तिने तुळस ठेवली. त्याने उचलून जिन्यात ठेवली. तिने परत वर नेली. हे किती दिवस चाललं मला माहीत नाही, मी कामावर असायचो. पण तुळस गच्चीवर आहे आणि घरमालक केव्हाच वारला. गल्लीतला मासेवाला टोपलीतलं पाणी आमच्या पायरीशी ओतायचा. ती खराटा घेऊन ते पाणी परत त्याच्या पायापर्यंत लोटत न्यायची, एक शब्द न बोलता. भाजीवाल्याशी ती जन्मभर मराठीत बोलली. त्याला दोडका, गवार, घेवडा म्हणता यायला लागलं. तो म्हातारा अजून माझ्याशी बोलताना दोडक्याला दोडकाच म्हणतो, आणि मग नको असला तरी मी तो घेतो.

तिचा सगळ्यांत मोठा हट्ट दिवसांचा. सण ज्या दिवशी असेल त्या दिवशी. श्राद्ध ज्या तिथीला असेल त्या तिथीला. माझी आई वडिलांच्या आधी गेली, सवाष्ण गेली. अशा बाईचं पितृपक्षात नवमीला करतात. अविधवा नवमी. एका सवाष्णीला बोलवायचं, ओटी भरायची, पुरणावरणाचं जेवू घालायचं. आमच्यात ही नवमी नवरा जिवंत असेपर्यंतच करतात. तो गेला की संपली. माझे वडील होते तोवर बायकोने माझ्या आईची नवमी एकदाही चुकवली नाही. घरात ताप असो, कलकत्ता बंद असो, नवमी नवमीला व्हायची. सवाष्ण मिळाली नाही तर ती हावड्यापर्यंत जाऊन घेऊन यायची.

आता ती स्वतः सवाष्ण गेली. पहिल्या वर्षी करत नाहीत. वर्षश्राद्ध झालं, आणि यंदा तिची पहिली नवमी आली. माझं वय पाहता अशा फार येणार नाहीत. मी मुलाला फोन केला.

मुलगा म्हणाला, “बाबा, बुधवार आहे. दोघांचं ऑफिस. हिचं तर त्या आठवड्यात मोठं काम आहे. रविवारी करू.”

“नवमी बुधवारी आहे.”

“मान्य. पण भावना महत्त्वाची ना? एवढं अ‍ॅडजस्ट करायला काय होतंय?”

“तुझ्या साहेबाला सांग, मीटिंग बुधवारची आहे, पण माझी भावना रविवारची आहे. बघ काय म्हणतो.”

“तुम्हाला काही सांगायची सोय नाही.”

“मग सांगू नकोस.”

मी फोन ठेवला. खरं म्हणजे तो फेकूनच द्यायचा होता, पण घरात दुसरा फोन नाही म्हणून फेकला नाही.

मग सवाष्ण शोधायला लागलो. इथे मराठी घरं मोजकी, त्यांतली बरीच बदलीवर आलेली. एका बँकेच्या साहेबांच्या बायकोला फोन केला. त्या गोड बोलल्या. “काका, त्या दिवशी मला आणखी दोन ठिकाणी बोलावणं आहे. पण मी अ‍ॅडजस्ट करते. येऊन एक घास खाऊन जाईन.”

मी म्हटलं, “राहू दे. एक घास खायला कावळा येतो.”

नंतर मुलगा म्हणाला, असं बोलायला नको होतं. नसेल. पण माझी बायको मेली आहे आणि तिच्या ताटावर कोणी तरी पोट भरून जेवावं एवढंच माझं मागणं होतं.

तेव्हा मी खाली गेलो आणि बौदीला बोलावलं. बौदी म्हणजे वहिनी. तळमजल्यावरची बंगाली बाई, साठीची, नवरा निवृत्त, दम्याचा आजारी. शेवटच्या महिन्यांत रोज दुपारी ती वर यायची आणि माझ्या बायकोची वेणी घालायची. बायकोला केस ओढलेले सोसत नसत, ती मराठीत तिला वाटेल ते बोलायची. बौदी बंगालीत उत्तर द्यायची. एकमेकींचं काही कळायचं का, ते त्यांनाच माहीत. मी माझ्या मोडक्या बंगालीत सांगितलं, बुधवारी दीदीच्या नावाने जेवायला या. सवाष्ण म्हणून.

तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, “आसबो.” येईन. बस.

बुधवारी सकाळी मी बाजारातून भोपळा, गवार, गोविंदभोग तांदूळ आणला आणि स्वयंपाकाला लागलो. मला स्वयंपाक येतो म्हणजे उपाशी राहणार नाही इतपत येतो. पुरणाची डाळ शिजत टाकली, कढीला ताक घुसळलं, एवढ्यात बेल वाजली. सून. खांद्याला लॅपटॉपची बॅग, कपाळावर आठी.

“अर्धी सुट्टी टाकलीय. कोणी काही बोलू नका, सरका.”

कोणी म्हणजे मीच होतो तिथे. मी सरकलो. तिने ओढणी कमरेला बांधली, कानात ते फोनचं बोंड घातलं आणि एका हाताने पुरण ढवळत कोणाशी तरी इंग्रजीत भांडायला लागली. काम चांगलं करत होती.  ती मध्येच म्हणाली, “कढी झाली?” मी म्हटलं, “झाली.” नैवेद्याचं म्हणून चव कोणी घेतली नाही. आमच्यात घेत नाहीत. गच्चीवर घास ठेवला. कलकत्त्याच्या कावळ्यांना बोलवावं लागत नाही, मी जिन्यात वळायच्या आत पान साफ होतं.

बौदी आली. लाल काठाची पांढरी साडी, भांगात ठसठशीत सिंदूर, हातात शंखाच्या बांगड्या, पायाला आळता. एवढी नटलेली मी तिला दुर्गापूजेखेरीज पाहिली नव्हती. दारातच तिने मला सांगितलं, आणि मोठ्या समाधानाने सांगितलं, की दादा, काळजी करू नका, मी येताना मासा-भाताचा एक घास खाऊन आले आहे.

मला कळेना कसली काळजी. मग तिनेच समजावलं. त्यांच्यात सधवा बाईने, म्हणजे आपल्या सवाष्णीने, मेलेल्या माणसाच्या नावाचं बिनमासळीचं जेवण तसंच जेवू नये. मासा सोडतात त्या विधवा. म्हणून आधी मासा तोंडाला लावायचा. नवऱ्याच्या आयुष्यासाठी. तिचा नवरा खाली खोकत होता, तो वरपर्यंत ऐकू येत होता.

सुनेने कानातलं ते बोंड काढलं. मला मराठीत म्हणाली, “बाबा, या मासे खाऊन आल्यात.”

“ऐकलं.”

“आईंच्या ताटावर? आज?”

“तू तर रविवारी करणार होतीस.”

“रविवारी केलं असतं तर निदान मासे नसते.”

मुद्द्यात हरलो की माझा आवाज चढतो, तसा चढला. तीही मागे हटली नाही. म्हणाली, गुरुजींना फोन लावते. मी म्हटलं, लावून बघ. ती म्हणाली, तुमच्या हट्टासाठी मी काम सोडून आले, आणि आता जे करायचं ते नीट तरी व्हायला नको का? तिचंही चूक नव्हतं, पण तेव्हा मला कोणाचंच बरोबर वाटत नव्हतं.

बौदीला मराठी कळत नाही, पण मासा हा शब्द कोणत्याही भाषेत बंगाली माणसाला कळतो. तिचा चेहरा पडला. ती पाटाशेजारी उभी होती, ती दोन पावलं मागे झाली. म्हणाली, दादा, मी चूळ भरून येते. नाही तर मी तिकडे जिन्यात बसून जेवते, ताट इथे राहू दे. काही अडचण नाही, आमि अ‍ॅडजस्ट कोरे नेबो. मी अ‍ॅडजस्ट करून घेईन.

मी ओरडलो. तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं, पण ओरडलो. “ना. आपनि जेमोन आछेन, तेमोनि बोसुन.” तुम्ही जशा आहात तशाच बसा. माझं बंगाली इतकं सरळ कधी आलं नव्हतं.

मग सुनेला सांगितलं. तुझी सासू गेली त्या दिवशी तुम्ही दोघं सॉल्ट लेकहून निघाला होतात. वाटेत अडकलात. तो काही तुमचा दोष नाही. सवाष्ण बाईला साडी नेसवून, कुंकू लावून, हिरवा चुडा भरून न्यायची असते, आणि घरात मी एकटा पुरुष. मराठी बाई एकही हजर नव्हती. या बाईने केलं सगळं. मी हाताने दाखवत होतो आणि ती करत होती. केस विंचरले, वेणी घातली, कुंकू लावलं. तू आलीस तेव्हा तुझी सासू तयार होती, ती हिच्या हातची. त्या दिवशी हिने सकाळी मासे खाल्ले होते का, हे कोणी विचारलं नव्हतं.

सुनेने ओटीचं तबक उचलून हातात घेतलं.

आणि आता माझी पंचाईत झाली. आमच्यात ओटी आधी भरतात, मग ताटावर बसवतात. सवाष्णीला हळदकुंकू मी लावू शकत नाही. ओटी मी भरू शकत नाही. मी कितीही आरडाओरडा केला तरी ते काम पुरुषाचं नाही. खण, नारळ, तांदूळ तबकात घालून तयार होते आणि तबक सुनेच्या हातात होतं. ती नाही म्हणाली असती तर मला तिच्यावर जबरदस्ती करता आली नसती, आणि बायकोची नवमी तिथेच राहिली असती, सगळं शिजलेलं असताना. आयुष्यात मी रागावून बरीच कामं करून घेतली आहेत. हे तसलं काम नव्हतं. 

तिने तबकातला नारळ सरळ केला. मग बौदीसमोर गेली आणि म्हणाली, “बौदी, आँचल.”

बौदीने घाईघाईने पदर खांद्यावरून पुढे घेऊन डोक्यावरच ओढला. तिला वाटलं, डोकं झाकायला सांगतायत.

“तसा नाही. असा.” सुनेने तबक खाली ठेवलं, तिचा पदर दोन्ही हातांनी धरून पुढे पसरला, झोळीसारखा, आणि तिचे हात त्याखाली नेऊन बसवले. पदर सुटला. पुन्हा धरला. तांदूळ पडायला लागले तेव्हा बौदी म्हणाली, एवढे का, बस बस. सून म्हणाली, “पाच वेळा असतं, हलू नका.” दोघींच्या पायाशी तांदूळ सांडले. हळदकुंकू लावताना सुनेचं बोट त्या सिंदुराला लागलं, ते लाल झालं, ते तिने पुसलं नाही. नारळ पदरात पडला तशी बौदी रडायला लागली. “दीदी,” म्हणाली, “दीदी गो.” सून तिच्यापुढे वाकली आणि तिच्या पायाला हात लावला. मी कढी गरम करायला आत गेलो.

बौदी पोटभर जेवली. पुरण दोनदा घेतलं, भोपळ्याची भाजी घेतली, कढी वाटीने प्यायली आणि पुन्हा मागितली. ताटात काही टाकलं नाही. उठून हात धुतले, सुनेच्या गालाला हात लावला आणि ओटी सांभाळत एकेक पायरी उतरत खाली गेली.

मग सुनेला वाढलं. ती नको म्हणत होती, कॉल आहे म्हणत होती. मी म्हटलं, तूही सवाष्णच आहेस, बस. ती बसली. कढीचा पहिला भुरका घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली.

“बाबा, हिच्यात मीठच नाही.”

मी चव घेतली. नव्हतं. चिमूटभरसुद्धा नव्हतं. पांढरं ताक आणि फोडणी.

“त्या दोन वाट्या प्यायल्या,” सून म्हणाली.

मला जो राग आला तो सांगता येत नाही. मीठ माझ्याकडून राहिलं, ते ठीक. पण ती बोलली का नाही? माझ्या बायकोच्या ताटावर बसून अळणी कढी मुकाट्याने गिळायची काय गरज होती? मी तसाच जिना उतरून खाली गेलो आणि दार वाजवलं. बौदीने दार उघडलं. ओटी तिने देवापुढे ठेवली होती. नवरा खुर्चीत बसून खण हातात घेऊन उलटसुलट करून बघत होता.

“बौदी, कढीत मीठ नव्हतं.”

“हां,” ती म्हणाली. तिला माहीत होतं.

“मग सांगितलं का नाही?”

“आमि भाबलाम, आपनादेर नियोम.” मला वाटलं, तुमच्यात असाच नियम आहे.

“आमच्यात मीठ घालतात,” मी म्हटलं.

तिने ते नवऱ्याला मोठ्याने सांगितलं, कारण त्याला कमी ऐकू येतं. तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि ती त्याची पाठ चोळायला गेली.